नंदा खरे : मासिकाने कादंबरीकार खाल्ला की घडवला?

(एका वाचकाचा प्रश्न आणि त्यावर इतर वाचकांची उत्तरे. ‘तळटीप’, ‘जुनी वर्गणी’, ‘ओळंबा’, ‘मोडीवाचक’ आणि ‘दुसरी बाजू’ ही लिहिणाऱ्यांची टोपणनावे आहेत.)

तळटीप :

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहाबारा जण एखादे पुस्तक घेऊन बसतो. गेल्या खेपेस नंदा खरे यांची ‘उद्या’ ही भविष्यकाळावरची कादंबरी होती. चर्चा रंगली, चहा दोनदा झाला, आणि उठता उठता आमच्यातील एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, की या माणसाने ‘आजचा सुधारक’ या विवेकवादी मासिकाच्या संपादनात जी वर्षे घातली ती कादंबऱ्यांना दिली असती, तर मराठीला आणखी तीनचार कादंबऱ्या मिळाल्या असत्या; मासिकाने आपला एक कादंबरीकार खाल्ला. यावर कोणालाच धड उत्तर देता आले नाही, कारण ते मासिक हाताळलेले आमच्यात दोघेच होते आणि त्या दोघांनाही त्यातले फारसे काही आठवत नव्हते.

मला माहीत आहे ते सांगतो. खरे यांचे पूर्ण नाव अनंत यशवंत खरे. जन्म १९४६ चा, नागपूरचा. शिक्षण मुंबईच्या आयआयटीत, स्थापत्य अभियांत्रिकीचे. पुढे कित्येक वर्षे बांधकामाचा व्यवसाय, त्याच्या जोडीने लेखन, आणि नंतर संपादन. ‘उद्या’ला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तो त्यांनी घेतला नाही, आणि जुलै २०२२ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. (सांगायला लाज वाटते, पण बरीच वर्षे मी त्यांना ‘नंदाताई’ समजत होतो. एका ८ मार्चला वाचनालयात लेखिकांच्या पुस्तकांचे प्रदर्शन मांडले, त्यात ‘अंताजीची बखर’ मी स्वतःच्या हाताने पहिल्या ओळीत ठेवली होती. कोणी काही बोलले नाही, म्हणजे पाहणाऱ्यांचीही समजूत तीच असावी.)

पुढच्या बैठकीत याच विषयावर मला अर्धा तास बोलायचे आहे. मुख्याध्यापकांचे म्हणणे खोडून काढायचे आहे असे नाही. ते खरे असेल तर तसेही सांगता येईल. परंतु ज्यांनी ते मासिक नियमित वाचले आहे आणि कादंबऱ्याही वाचल्या आहेत, त्यांना या दोन कामांत काही नाते दिसते का, की एकाच माणसाने वेगवेगळ्या वेळी केलेली ही दोन वेगळी कामे आहेत, हे जाणून घ्यायचे आहे. आमच्या मंडळींनी यानंतर त्यांचे कोणते पुस्तक घ्यावे हेही सुचवले तर बरे होईल.

जुनी वर्गणी :

माझे वडील ‘आजचा सुधारक’चे पहिल्या वर्षापासूनचे वर्गणीदार होते, आणि ते गेल्यावर वर्गणी मी चालू ठेवली, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजतो.

मासिकाची पार्श्वभूमी आधी सांगायला हवी, कारण ती नसेल तर ‘संपादनात घातलेली वर्षे’ म्हणजे नेमके काय हे कळत नाही. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी एप्रिल १९९० मध्ये ते नागपुरातून सुरू केले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडल्यानंतर १८८८ मध्ये जो ‘सुधारक’ काढला त्याचे नाव देशपांड्यांनी घेतले आणि त्यामागे ‘आजचा’ हा शब्द जोडला. शंभर वर्षांपूर्वीचे प्रश्न संपलेले नाहीत आणि त्या वेळची उत्तरे जशीच्या तशी पुरणारी नाहीत, या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात आल्या. देशपांड्यांची ‘विवेकवाद’ ही लेखमाला हा आरंभीच्या अंकांचा कणा होता. त्यानंतर दिवाकर मोहनी संपादक झाले. लिपी, मुद्रण आणि मराठी लेखनपद्धती हा त्यांचा ध्यास, आणि तो अंकात दिसायचा. नंदा खरे यांच्याकडे हे काम आले ते या शतकाच्या पहिल्या दशकात.

खरे आल्यावर काय बदलले? माझ्यासारख्या साध्या वाचकाला जाणवलेला बदल असा, की मासिकाचा पाया तोच राहिला आणि खिडक्या वाढल्या. ईश्वर आहे की नाही, नीतीला धर्माचा आधार लागतो का, हे वाद चालूच होते. परंतु आता मेंदू, उत्क्रांती, शेती, पाणी, शहरे आणि अर्थव्यवहार हे विषय घरात शिरले. एखादा विषय त्यातील जाणकाराकडे सोपवून त्याला पाहुणा संपादक करायचे आणि सबंध विशेषांक काढायचा, ही पद्धत रुळली. नागरीकरणावरचा विशेषांक मी अजून जपून ठेवला आहे; शहर म्हणजे खेड्याचा बिघाड, ही माझी लहानपणापासूनची समजूत त्या अंकाने मोडली. याशिवाय खरे स्वतः इंग्रजीतील विज्ञानाच्या, मानवशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या पुस्तकांचे परिचय लिहीत. ते वाचून मूळ पुस्तक मिळवावेसे वाटे, आणि मिळाले नाही तरी आपण अगदीच उपाशी राहिलो असे वाटत नसे.

अशा मासिकाचे संपादन म्हणजे काय असते हे ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांना मुख्याध्यापकांसारखे वाटणे स्वाभाविक आहे. लिहिणारे बहुतेक निवृत्त अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक, कार्यकर्ते, प्रत्येकाचे एक लाडके मत, मानधन नाही, आणि पत्रव्यवहाराच्या सदरात एकमेकांच्या लेखांची सालटी काढणारी मंडळी तीच. माझे वडील अंक हातात पेन्सिल घेऊन वाचत. त्यांच्या एका जुन्या अंकाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलेले आहे, ‘हा आकडा कुठला?’ त्यानंतरच्या दोन अंकांत मी शोधले, तर पत्रांच्या सदरात भलत्याच गावच्या कोणा वाचकाने नेमका तोच प्रश्न विचारलेला होता. तो छापला गेला याचे श्रेय मी संपादकाला देतो. पुष्कळ नियतकालिकांत असे पत्र ‘जागेअभावी’ मागे राहते.

आता मूळ मुद्दा. महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षे, नाना स्वभावांची हुशार माणसे आपापल्या मतासाठी कशी भांडतात, हरल्यावर कशी माघार घेतात आणि माघार घेताना ती ‘स्पष्टीकरण’ म्हणून कशी मांडतात, हे ज्याने डोळ्यांखालून घातले, त्याच्या कादंबरीत एका पात्राची बाजू बरोबर आणि बाकीच्यांची चूक असे कसे येईल? ‘उद्या’तील माणसे आपापल्या परीने सुसंगत बोलतात, जे जंगल-जमीन गिळणाऱ्या कंपन्यांच्या बाजूचे आहेत तेही. हा कान त्यांना मासिकाने दिला असे मला वाटते. हिशेबच करायचा तर असाही करून पाहावा : ‘अंताजीची बखर’ १९९७ ची, म्हणजे संपादनाच्या आधीची. ‘नांगरल्याविण भुई’, ‘बखर अंतकाळाची’ आणि ‘उद्या’ या सगळ्या त्यानंतरच्या. खाल्लेला माणूस इतके लिहीत नाही.

ओळंबा :

वरील उत्तर पटले, परंतु त्यात एक गोष्ट राहून गेली. मासिक आणि कादंबरी या दोहोंच्याही आधी तिथे बांधकाम होते, आणि माझ्या मते दोन्ही कामांची मुळे तिकडे आहेत. मी स्वतः बत्तीस वर्षे याच धंद्यात काढली, तेव्हा हा पक्षपात समजून घ्यावा.

आमच्या कामात खोटे बोलता येते, पण फार दिवस टिकत नाही. स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवावे लागतात. त्यांतले काही सातव्या दिवशी आणि काही अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे. तुम्ही कितीही वजनदार माणूस असा, वरिष्ठांशी कितीही सलगी असो, अठ्ठाविसाव्या दिवशी तो ठोकळा तुमची बाजू घेत नाही. ओळंब्याचे तसेच आहे. भिंत सरळ आहे की नाही हे गवंड्याच्या अनुभवावर, मुकादमाच्या आवाजावर किंवा मालकाच्या श्रद्धेवर ठरत नाही. दोरीला लटकलेले वजन काय सांगते त्यावर ठरते. या धंद्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस विवेकवादी मासिकाकडे वळला यात मला नवल वाटत नाही. उलट आमच्यातले इतके लोक कामावर ओळंबा लावून घरी येताना मुहूर्ताचे कॅलेंडर घेऊन येतात, याचेच मला जास्त नवल वाटत आले आहे.

‘दगडावर दगड, विटेवर वीट’ हे त्यांचे पुस्तक बांधकामातील अनुभवांवरचे आहे. तळटीप यांच्या मंडळाने ते जरूर घ्यावे, विशेषतः मंडळात कोणी कंत्राटदार, ओव्हरसियर किंवा त्यांच्या घरचे असेल तर. मराठी साहित्यात शेतकरी भरपूर आहे, कारकून तर मोजता येणार नाहीत इतके आहेत. परंतु धरण, पूल आणि रस्ता बांधणारा माणूस जवळजवळ नाही. जो येतो तो एकतर लाचखाऊ इंजिनिअर असतो, नाहीतर ‘नवभारताचा शिल्पकार’.

एक उदाहरण माझ्या नोकरीतले देतो. एका कालव्याच्या कामावर माती वाहणाऱ्या बायकांच्या खेपा मोजायला एक म्हातारा मुकादम होता. तो खेपेगणिक एक खडा या खिशातून त्या खिशात टाकायचा, आणि संध्याकाळी सदऱ्याचा एक खिसा ओझ्याने लोंबायचा. आमच्या एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, मात्र घनमीटर लिहिले जायचे. खडे आणि घनमीटर यांचा मेळ बसला नाही की वरचा साहेब खड्यांना खोटे ठरवायचा, आणि मजुरी घनमीटरावर निघायची. कित्येक वर्षांनी खरे यांच्या कादंबऱ्या वाचताना त्या खिशाची आठवण झाली. एखादी व्यवस्था कागदावर कशी दिसते आणि ज्याच्या डोक्यावर घमेले आहे त्याला ती कशी दिसते, हे दोन्ही हिशेब ते शेजारी शेजारी ठेवतात आणि वाचकाला बेरीज करायला लावतात. निव्वळ पुस्तके वाचून हे येत नाही. मासिक चालवूनही येत नाही. त्यासाठी उन्हात उभे राहावे लागते.

म्हणून मुख्याध्यापकांना माझा प्रतिप्रश्न असा, की वेळ खाण्याबद्दलच बोलायचे तर बांधकामाने खाल्लेली वर्षे मासिकाने खाल्लेल्या वर्षांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यांच्याविषयी कोणी हळहळत नाही, कारण पोटापाण्याचा धंदा हा लेखकाने करायचाच असतो, आणि मासिक मात्र हौस म्हणून गणले जाते.

मोडीवाचक :

चर्चा ‘उद्या’भोवतीच फिरते आहे, म्हणून थोडे ‘अंताजीची बखर’विषयी लिहितो. संपादक होण्याआधीच्या या कादंबरीत पुढचा संपादक किती दिसतो हे पाहण्यासारखे आहे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी : नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील मोहिमांपासून १७५७ च्या प्लासीच्या लढाईपर्यंतचा काळ, आणि त्या सगळ्यात हेरगिरी करत, जीव वाचवत, जमेल तिथे चार पैसे गाठीला लावत वावरणारा अंताजी स्वतःची हकीकत स्वतःच सांगतो आहे. तो शूर नाही, आपल्या शूर नसण्याची त्याला लाजही नाही. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटली की वाचक आधी फेटा बांधून बसतो. या पुस्तकात तो फेटा दुसऱ्याच पानावर उतरतो.

या निवडीमागे नुसती गंमत नव्हती. बंगालच्या स्वाऱ्या हा आपल्या इतिहासलेखनातला चटकन उलटायचा कागद आहे. १७४२ पासून जवळजवळ दरसाल नागपूरकरांच्या फौजा तिकडे गेल्या. १७४४ मध्ये भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने बोलणी करायला म्हणून डेऱ्यात बोलावून ठार केले. १७५१ मध्ये तह होऊन ओरिसाचा वसूल आणि वर्षाला बारा लाखांची चौथ ठरली. आपली पाठ्यपुस्तके इथे ‘मराठ्यांनी पूर्वेकडे आपला दरारा बसवला’ असे म्हणून पान उलटतात. बंगालमध्ये मात्र हा दरारा अंगाईगीतात शिल्लक आहे. ‘खोका घुमालो, पाडा जुडालो, बर्गी एलो देशे’ : बाळ निजले, आळी शांत झाली, देशात बर्गी आले, आणि पुढे आई विचारते, की बुलबुलांनी धान खाऊन टाकले, आता सारा कशातून भरायचा? हा ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारा शिपाई. आपल्याकडे हा शब्द दप्तरात राहिला आणि तिकडे मुलांना निजवायला लागला. ईस्ट इंडिया कंपनीने याच धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. तो कधी पुरा झाला नाही, पण ‘मराठा डिच’ हे नाव मागे राहिले.

अशा जागी उभे राहून मराठीत कादंबरी लिहायची तर सरदाराच्या तोंडून लिहिता येत नाही. दोन्हीकडचे बोलणे ज्याच्या कानावर पडते, आणि दोन्हीकडे ज्याच्यावर कोणी पुरता विश्वास टाकत नाही, असा हेरच निवेदक म्हणून हवा. ‘तुझे म्हणणे ऐकले, आता त्यांच्याकडचा कागद दाखव’ हा संपादकी बाणा मला तिथे सापडतो, मासिक हाती येण्याच्या आधी. म्हणून मी जुनी वर्गणी यांच्या उलट म्हणेन : मासिकाने हा कान दिला नाही, हा कान होता म्हणून त्यांनी मासिक घेतले.

भाषेबद्दल एक. बखरीचा बाज म्हटला की आपले लेखक ‘जाहले’, ‘करते जाहले’ यांची मोळी बांधतात. खरे यांनी बखरीकडून शब्द थोडे घेतले आणि सांगण्याची लकब जास्त घेतली. बखरकार जसा मध्येच थांबून ‘हे आम्ही ऐकले, हे आम्ही पाहिले’ असा भेद करतो, तसा अंताजीही करतो. परिणामी काही वाचकांना तो खराच होऊन गेलेला माणूस वाटतो. माझ्या ओळखीच्या एका सद्गृहस्थांनी मूळ मोडी बखर कोणत्या दप्तरात पाहायला मिळेल अशी माझ्याकडे चौकशी केली होती. पुढची कथा ‘बखर अंतकाळाची’मध्ये आहे, पहिली आवडली तरच दुसरी घ्यावी.

दुसरी बाजू :

सगळेच एका सुरात बोलत आहेत म्हणून थोडा बेसूर लावतो. मी खरे यांचा वाचक आहे, पण मुख्याध्यापकांच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटते. फक्त त्यांनी नुकसान चुकीच्या ठिकाणी दाखवले. मासिकाने कादंबऱ्यांची संख्या कमी केली नसेल. कादंबऱ्यांच्या आत मात्र ते शिरून बसले.

‘उद्या’ द्रष्टी कादंबरी आहे असे सर्रास म्हटले जाते. जरा तपासून पाहू. या कादंबरीतल्या मुख्य भयांपैकी एक म्हणजे माणसांवरची अखंड पाळत. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले, म्हणजे कादंबरी येण्याच्या आधी. दुसरे भय मुलींच्या घटत्या संख्येचे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या आणि २०११ मध्ये ८९४. हेही आकडे आधीच समोर होते. तिसरे भय जंगल आणि जमीन कंपन्यांच्या घशात जाण्याचे. विदर्भातल्या माणसाला ते वर्तमानपत्रात रोज वाचायला मिळत होते. म्हणजे खरे यांनी भविष्य पाहिले नाही. त्यांनी आजचे कागद एकावर एक ठेवले आणि ते त्याच चालीने वाढत गेले तर काय होईल ते लिहिले. ही संपादकाची रीत झाली, आणि कादंबरीचे बळ त्यातच आहे हे मी मान्य करतो.

परंतु दोषही तिथलाच आहे. काही ठिकाणी पात्रे बोलत नाहीत, टिपण वाचून दाखवतात. एखादा प्रसंग ऐन रंगात असताना लेखकाला आठवते, की वाचकाला या व्यवस्थेची यंत्रणा अजून समजावून सांगितलेली नाही, आणि मग दोन माणसे एकमेकांना ते सांगू लागतात जे दोघांनाही आधीपासून माहीत असते. मासिकाचा संपादक वाचक अडाणी राहू नये म्हणून झटतो. कादंबरीकाराने वाचकाला काही काळ अंधारात चाचपडू द्यायला हवे, आणि खरे यांना ते जमत नाही. त्यांचा हात सारखा दिव्याच्या बटणाकडे जातो. ‘अंताजी’त असे क्वचितच होते, कारण तिथे निवेदक स्वतःच लबाड आहे. म्हणून मोडीवाचक यांच्याशी मी इतका सहमत आहे, की त्यांची सर्वांत चांगली कादंबरी संपादक होण्याआधीची आहे. यातून काय अनुमान काढायचे ते ज्याने त्याने काढावे.

जुनी वर्गणी :

बटणाचा दृष्टान्त झोंबला, पण चुकीचा नाही. तरी एक सांगतो. ज्या भाषेत मेंदूवर, जनुकांवर, शहराच्या पाणीपुरवठ्यावर साध्या शब्दांत लिहिलेले गद्य मुळातच तुटपुंजे आहे, तिथल्या कादंबरीकाराला हे विषय घ्यायचे तर आधी खोलीत वायरिंग करावे लागते. इंग्रजीतला लेखक ते काम दुसऱ्यांनी केलेले आहे असे धरून चालतो. खरे यांनी ‘कहाणी मानवप्राण्याची’ लिहिली, प्रणय लाल यांचे भारतीय उपखंडाच्या नैसर्गिक इतिहासावरचे ‘इंडिका’ मराठीत आणले, मासिकात वर्षानुवर्षे पुस्तकांचे परिचय लिहिले. हे सगळे ते वायरिंग आहे. त्याचे काही तुकडे कादंबरीच्या भिंतीवर उघडे दिसतात, हे मी कबूल करतो.

तळटीप :

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या अर्ध्या तासाचा दीड तास झाला आहे. मुख्याध्यापकांना मी ही सगळी चर्चा छापून दिली. त्यांनी ती लाल शाई घेऊन वाचली आणि ‘दुसरी बाजू’ यांच्या परिच्छेदापुढे बरोबरची खूण केली.

एक उपप्रश्न राहिला. बैठकीत कोणीतरी पुरस्कार नाकारण्याचा विषय हमखास काढणार. तो सरकारविरोधी निषेध होता असे काहींचे ठाम मत आहे. त्याबद्दल नेमके काय सांगावे?

जुनी वर्गणी :

जे प्रसिद्ध झाले तेवढेच सांगावे. अकादमीने १२ मार्च २०२१ रोजी २०२० चे पुरस्कार जाहीर केले, त्यात मराठीसाठी ‘उद्या’ होती. त्याच सुमारास खरे यांनी कळवले, की आपण चारएक वर्षांपासून कोणतेच पुरस्कार स्वीकारत नाही. समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे, तेव्हा आणखी घेत राहणे योग्य वाटत नाही. एक लाख रुपये आणि ताम्रपट असा तो पुरस्कार असतो. २०१५ च्या पुरस्कारवापसीशी याची सांगड घालण्याचा मोह लोकांना होतो, पण तेव्हा लेखकांनी घेतलेले परत केले होते. इथे स्वतःशी आधीच ठरवलेला नियम पुरस्कार मोठा निघाला म्हणून मोडला नाही, इतकेच घडले. ओळंबा यांच्या भाषेत बोलायचे तर अठ्ठाविसाव्या दिवशीही ठोकळा कच्चा निघाला नाही.

पुढच्या पुस्तकाबद्दल : एकदम त्यांच्या ‘संप्रति’ या कादंबरीवर जाऊ नका. ‘अंताजीची बखर’ घ्या. ज्यांना कादंबरी नको असेल त्यांना ‘दगडावर दगड, विटेवर वीट’ द्या. आणि ज्यांना माणसाबद्दल कुतूहल आहे त्यांनी ‘ऐवजी’ हे आत्मकथन वाचावे. ‘आजचा सुधारक’चा छापील अंक थांबला असला तरी जुने अंक आंतरजालावर वाचायला मिळतात. बैठकीच्या आधी दोघातिघांनी एकेक अंक उघडून फक्त पत्रांचे सदर वाचून यावे, म्हणजे वरच्या वादाचा निकाल तुमचा तुम्हालाच लावता येईल.

तळटीप :

तसेच ठरवले आहे. ‘अंताजीची बखर’ची वाचनालयातली एकुलती एक प्रत मुख्याध्यापक शनिवारी घेऊन गेले. काल रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. मला वाटले आणखी काही आक्षेप असेल. ते म्हणाले, ‘साठ पाने झाली. आधी मला एवढे सांग, हा अंताजी खरोखर होऊन गेला का रे?’